शेवट सांगणारे बाबा

१४ ऑक्टोबर

प्रिय छोट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही बरे आहोत, तुम्हीही सगळे बरे असाल. पत्राला कारण आहे, पण ते शेवटी. आपल्या घरात निदान एकाने तरी शेवट राखून ठेवायला शिकलं पाहिजे.

तू आणि मी अन्यायग्रस्त आहोत, छोट्या! चित्रपटगृहात प्रोजेक्टर चालवणाऱ्याची मुलं म्हणून अख्खी शाळा आपला हेवा करायची. आणि आपल्याला मिळायचं काय? सुट्टीच्या दिवशी बाबा आपल्याला तिथेच न्यायचे, आपल्या दोघांच्या मधल्या खुर्चीत बसायचे आणि ऐन रंगात आलं की कानाशी वाकून म्हणायचे, "खुनी मामा आहे. शेवटी पकडतात." निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. नाटकाला गेलं तरी दारावरच्या माणसाला गाठून आधी शेवट विचारून यायचे. जगातल्या एकाही रहस्यावर आपला हक्क उरला नाही.

असो. आता वाचलेलं आणि पाहिलेलं.

तू पाठवलेली ती जाड कादंबरी संपवली. दीपगृह सांभाळणाऱ्या माणसाची. पहिली दोनशे पानं अशी, की दोनदा दूध उतू गेलं. आणि मग लेखकाने शेपूट घातली. ज्याने सगळ्या बंदराशी वैर घेतलं, तो शेवटच्या प्रकरणात तिथल्याच साहेबाची माफी मागतो? का? कुणाच्या भीतीने? लेखक माझ्या सभेत असता, तर उभं करून जाब विचारला असता. भित्र्या माणसांची मला कीव येते, भित्र्या पुस्तकांची चीड येते. वादळाचं वर्णन मात्र उतरवून ठेवलंय. ग्रंथालय वाचवण्याच्या सभेत वापरेन.

मग बस चालवणाऱ्या बाईचा तो नवा सिनेमा. फोनवर सांगितलंच होतं. त्या नटीने काय काम केलंय! नवरा तिच्यावर ओरडत असतो आणि ती नुसती आरशात मागची गर्दी बघते. माझ्या दहा भाषणांत नसेल एवढा संताप त्या एका नजरेत आहे. आणि सगळ्यात मोठी बातमी म्हणजे बाबा पूर्ण वेळ गप्प! बाहेर आल्यावर मी चक्क रस्त्यात उभी राहून त्यांचं जाहीर अभिनंदन केलं, आइस्क्रीम खाऊ घातलं. तेही हसले. तुला तिथूनच फोन लावला, "बाबा सुधारले!" तू म्हणालास, "ताई, उशिरा का होईना, क्रांती झाली." किती हसलो आपण.

त्यानंतर नाटक. वेगळ्या होणाऱ्या दोन बहिणी आणि दारातून बाहेर न निघणारं एक कपाट. सगळं भांडण त्या कपाटाभोवती. धाकटी म्हणते, "तोडून वाटू या," आणि थोरली कपाटाला पाठ लावून उभी राहते. लिहिणाऱ्याने माणसं पाहिली आहेत, पुस्तकं नव्हे. प्रकाशयोजना वाईट, टाळ्या कमी, नाटक उत्तम. जमलं तर बघ.

मध्यंतरात बाबा कॉफी आणायला गेले. तीन कप घेऊन आले. मला वाटलं, दुकानदाराने चुकून दिला. तिसरा कप रिकाम्या खुर्चीच्या हातावर ठेवत म्हणाले, "आईला हाक मार गं, गार होईल." आईला जाऊन किती वर्षं झाली, तुला सांगायला नको. हजार माणसांपुढे न अडखळणारी मी, ती कॉफी मीच पिऊन टाकली.

हे तुला फोनवर सांगितलं, तेव्हा तू म्हणालास, "ताई, तू प्रत्येक गोष्टीचं भाषण करतेस. माझ्याशी तर मस्त बोलतात." बोलतात. "जेवलास का, पोरं कशी आहेत, काम कसं चाललंय" एवढं त्यांना छान येतं. फोन तेवढाच असतो.

आता पुलाचा सिनेमा. आपल्या लहानपणी बाबांनी महिनोन् महिने चालवलेला, तोच. जुन्या चित्रपटगृहात पुन्हा लागलाय, म्हणून मी हौसेने नेलं. आजही सुंदर आहे. पूल आणि धुकं एवढ्यावर तीन तास धरून ठेवणं सोपं नाही. ती मुलगी तुटक्या पुलावर चढते, आठवतं ना? तू खुर्चीखाली शिरायचास. तिथे बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"ही वाचते का गं?"

रीळ न् रीळ ज्यांच्या हाताखालून गेलं, त्यांनी मला विचारलं, छोट्या. आणि मी काय म्हणाले? जन्मभर मनात घोळवून ठेवलेलं तेच वाक्य. "गप्प बसून बघा ना, बाबा!"

त्यांनी मनगट सोडलं नाही, उलट आणखी आवळलं. गंमत नव्हती ती. ते खरोखर घाबरले होते. मग मी वाकून सांगितलं, "वाचते, बाबा. पहारेकरी तिला खांद्यावर घेऊन येतो." हात सैल झाला. थोड्या वेळाने म्हणाले, "मग छोट्याला सांग लवकर. खुर्चीखाली बसलाय. उगाच घाबरतो पोरगा."

म्हणजे इतकी वर्षं ते शेवट फोडत नव्हते. तुझी भीती घालवत होते. आपला सगळा खटला तिथेच निकालात निघाला.

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. त्यांनी या सगळ्याला एक नाव दिलंय. ते मी पत्रात लिहिणार नाही. समोर येशील तेव्हा सांगेन. हे वाढत जाणार, एवढं त्या स्पष्ट बोलल्या. तुला अजून ते ओळखतात. या वाक्यातल्या "अजून"कडे नीट बघ, मी उगाच शब्द वापरत नाही.

म्हणून पत्राचं कारण. येत्या रविवारी पुलाच्या सिनेमाचा शेवटचा खेळ आहे, दुपारचा. तीन तिकिटं काढली आहेत. मधल्या खुर्चीत बाबा, उजवीकडे मी. कामाचं सांगू नकोस, फोन करतो म्हणू नकोस, माझ्याशी वाद घालायचाच असेल तर नंतर घाल, मी कुठे पळून जात नाही. ये. डावीकडच्या खुर्चीत बस, आणि मुलगी पुलावर चढली की त्यांच्या कानाशी वाक आणि सांग, "बाबा, ती वाचते."

तुझ्या खुर्चीवर पर्स ठेवून बसलेली,
ताई