मामाचा रुसवा

पिंगळी,
१४ मे २०२५

चि. परमेश्वर यास आक्काचे आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तूही पाथरीत बरा असशील असं धरून चालते, दुसरा इलाज काय? फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस आणि गप्प बसतोस. म्हणून हे पत्र. याला निदान लगेच उत्तर द्यावं लागत नाही.

आपली थोरली वैष्णवी सासरी रुळतेय. जावई शांत आहेत. आंबे यंदा कमीच आले.

आता मुद्द्याचं. तिच्या लग्नात माइकवरून "नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं" असा पुकारा होत होता, तेव्हा तू कुठे होतास रे? भटजींचा घसा बसला. शेवटी आपला चुलतभाऊ सिताराम पोरीच्या पाठीशी उभा राहिला. तू सापडलास आचाऱ्याच्या मागे, टँकरचा पाइप धरून पिंपं भरताना. आदल्या दिवसापासून तूच सगळ्यात जास्त राबलास, हे मला दिसत होतं. पण बाकीच्यांचं ठरलं, मामा रुसला. सासूबाई म्हणाल्या, मानपानात कमी पडलं असेल. मग तुझे दाजी फेटा, कपडे आणि जीपभर माणसं घेऊन रुसवा काढायला तुझ्या दारात आले, आणि तू परसातून शेताकडे पसार. तेव्हापासून या घरात दुसरा विषय नाही. मला वीट आलाय, तुझाही आणि यांचाही.

तुझं लहानपणापासून हेच. जीपवाल्याला "थांबव" म्हणवत नाही म्हणून पिंगळीला येताना पार पुढे ताडकळसला उतरतोस आणि तिथून मागे येतोस. माणसाने किती सहन करायचं?

परवा जेवताना पुन्हा तेच सुरू झालं, तर आपल्या धाकट्या निकिताने ताट सरकवलं.

"मामा रुसला न्हाई, आई. भ्यायलाय."

"तुला काय म्हाईत?"

"मला बी तसंच होतंय."

परमेश्वर, ही पोरगी दिवाळीपासून कॉलेजला म्हणून निघते आणि स्टेशनच्या बाकावर बसून परत येते. वर्गात नाव घेतलं की हात थरथरतात, तोंडाला कोरड पडते. तोंडी परीक्षेला गेलीच नाही. जूनमध्ये परत बोलावलंय, ती हुकली तर वर्ष गेलं. खोटं कशाला सांगू, आधी मला तिला धपाटाच घालावा वाटला. मग गुमान परभणीला जाऊन डॉक्टरीणबाईंना विचारून आले. त्या म्हणाल्या, चारचौघांची अशी भीती हा आजार आहे, नाटक नाही की माज नाही. बोलून, थोडी थोडी सवय लावून, लागलं तर औषधाने कमी होतो. हे कुणी आधी सांगितलं असतं तर जीपचं डिझेल तरी वाचलं असतं.

पण निकिता दवाखान्यात जायला तयार नाही. मी समजावलं, ओरडले, रडलेसुद्धा. एकच म्हणते, मामा येत असंल तर जाईन.

तुला झापायलाच बसले होते. विनवायचं नव्हतं. पण विनवते.

पुढच्या गुरुवारी, २२ तारखेला, परभणीहून सकाळच्या पॅसेंजरने ये. ती गाडी पिंगळीला आपली आपण थांबते, कुणाला सांगावं लागत नाही. यांना मी घरीच ठेवते, फेटा पेटीत कुलूपबंद आहे. स्टेशनवर फक्त निकिता असेल, तिच्या बाकावर. तिला घेऊन परतीच्या गाडीने परभणीला दवाखान्यात जा. बोलायलाच पाहिजे असं नाही. तिच्या पाठीशी उभा राहा.

या वेळी कुणी पुकारणार नाही.

अजून चिडलेली, तरी गाडीकडे कान लावून बसणारी,
तुझी शीलाआक्का