पिंडापुढचा शब्द

१३ ऑक्टोबर

कावळा शिवत नव्हता. पळसदेवला पाण्याच्या कडेला पिंड ठेवून बराच वेळ झाला. ऊन तापलं, भात वाळायला लागला, कावळे समोरच्या बाभळीवर बसून नुसते बघत होते. कुंडलिकतात्यांचा दहावा होता आज.

तात्या म्हणजे ह्यांच्या पहिल्या निवडणुकीपासूनचा माणूस. तेव्हा हे अपक्ष उभे होते, जीपसुद्धा उसनी होती. पलीकडच्या वस्त्यांना धड रस्ता नव्हता, तर तात्यांनी आम्हा दोघांना होडीत घालून मतं मागायला नेलं. माझं नुकतंच लग्न झालेलं, मी पाण्याला घाबरायची. तात्या वल्हं मारत म्हणायचे, "वहिनी, भिऊ नगा. ह्यो माणूस आमदार झाल्याबिगर बुडत न्हाय."

दहाव्याला माईक होताच. आमच्याकडं मयताच्या घरी एक वेळ चहा नसेल, पण दहाव्याला माईक असतोच, आणि माईक दिसला की आमच्या आमदारसाहेबांना राहवत नाही. श्रद्धांजल्या झाल्या, तरी कावळा येईना. भाऊबंद एकेक करून पिंडापुढं येऊन सांगून गेले — रान बघू, म्हातारीला सांभाळू. छे! मग कुणीतरी म्हणालं, "दीपकचं मनात आसंल." दीपक त्यांचा एकुलता एक. कॉलेज झाल्यापासून पोरगा ह्यांच्या मागंमागं मतदारसंघ फिरतोय. आबांच्या, म्हणजे ह्यांच्या, माघारी माझा दीपक आमदार व्हावा, असं तात्या सगळ्यांदेखत बोलायचे. सगळी माणसं ह्यांच्याकडं बघायला लागली.

ह्यांनी चपला काढल्या. पिंडापुढं हात जोडले, आणि माईकवरच म्हणाले, "तात्या, मी आता थांबतो. या बारीला दीपक उभा ऱ्हाणार. हा जोतीरामचा शब्द."

आणि कावळा आला. खरंच आला. सिंधुबाई, तात्यांची मंडळी, त्या रडत ह्यांच्या पाया पडल्या. मीपण रडले. चार वेळा निवडून आलेला माणूस स्वतःच्या तोंडानं थांबतो म्हणतोय! मला ह्यांचा अभिमान वाटला, खोटं कशाला लिहू.

१५ ऑक्टोबर

प्राचीला पुण्याला फोन करून सगळं सांगितलं. म्हणाली, "आई, बाबांकडून लिहून घेतलंस का?" बापाबद्दल असं बोलतात का? वाह्यात कार्टी.

आता जरा घरात माणूस दिसेल. रानात बंगलीपुढं दोन आंबे लावायचे म्हणत होते. सकाळी उठल्यावर ओसरीत चपलांचा ढीग नको, चहाचं आधण नको. नुसत्या कल्पनेनं बरं वाटतंय.

२१ ऑक्टोबर

टीव्हीवर यादी आली. आमच्या मतदारसंघापुढं ह्यांचं नाव.

मला वाटलं, चूक झाली असेल. बाहेर फटाके वाजायला लागले तेव्हा कळलं, चूकबीक काही नाही. सूरज, ह्यांचा पीए, पेढे घेऊन आत आला. म्हणजे पेढे आधीच आणून ठेवले होते!

माणसं पांगल्यावर विचारलं, "आणि दीपक?"

"वरनं आदेश आला. सर्व्हेत माझंच नाव पुढं हाय. मी तरी काय करू?"

"पिंडापुढं शब्द दिलाय तुम्ही."

तर काय म्हणाले? म्हणाले, "अगं, कावळा येत नव्हता. लोकं उन्हात तळमळत होती. काहीतरी बोलायला लागतं का न्हाय?"

काहीतरी! तात्यांनी ह्या माणसासाठी हाडाची काडं केली, त्यांना जाताना काहीतरी. उद्घाटनाला नारळ फोडतात तसा शब्द फोडला आणि पुढच्या कार्यक्रमाला गेले. तळपायाची आग मस्तकाला गेलीय. पेढ्याचा बॉक्स उचलला आणि अंगणात गड्यांना वाटून टाकला.

२२ ऑक्टोबर

सिंधुबाईंचा फोन. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "वहिनी, टीव्हीवाल्यांनी चुकून आबांचं नाव लावलंय का वो? दीपक काय बोलंना झालाय."

मी काय सांगू? ह्यांना विचारून सांगते म्हटलं.

२३ ऑक्टोबर

माळा आवरायला काढला. ह्यांनी तीन पक्ष बदलले, तिन्ही पक्षांची उपरणी वर गाठोड्यात होती. पहिल्या पक्षानं मंत्री केलं नाही म्हणून दुसरा, दुसऱ्यात पडलो म्हणून तिसरा. दर वेळी मी मुकाट्यानं जुन्यातली दोन-चार उपरणी फरशी पुसायला काढली. दर वेळी तात्या म्हणायचे, "आबा जिकडं, तिकडं आमी." गावात त्यांना लोक हसायचे, काय तात्या, आता कुठला झेंडा? मागं एकदा ते ऐकून घरी येऊन जेवलेसुद्धा नव्हते, असं सिंधुबाई सांगत होत्या. पण मतपेटी उघडली की पळसदेवची मतं ह्यांच्याच पारड्यात.

गरज सरो, वैद्य मरो. वैद्य तर खरोखरच मेला.

२४ ऑक्टोबर

इंदापूरला अर्ज भरायला गेलो. उघडी जीप, हलगी, जेसीबीतनं फुलं. मला मागच्या सीटवर काठापदराची साडी नेसवून बसवलं होतं. ह्यांचा अर्ज झाला आणि मग माझा. मी डमी. ह्यांच्या अर्जात काही खोट निघालीच तर घरातला दुसरा अर्ज हाताशी असावा, म्हणून बायकोचा अपक्ष भरून ठेवायचा. छाननी झाली की बायकोनं शेवटच्या दिवशी जाऊन तो काढून घ्यायचा. पहिली निवडणूक सोडली तर दर वेळी हेच करत आलेय. सूरज बोट ठेवतो तिथं सही. वर फोटो काढतात — "वहिनींची खंबीर साथ"!

दीपकही तिथंच होता. अपक्ष अर्ज भरायला आईला घेऊन आला होता, बरोबर पळसदेवची पाचपंचवीस माणसं. हे पुढं झाले, त्याच्या पाठीवर थाप मारली, "काय रे लेका, आमच्याच इरुद्ध?"

दीपक मान वर करून म्हणाला, "आबा, तुमीच शब्द दिलाता. मी फकस्त पाळतोय."

पोरगं तात्यांवर गेलंय. मला इतकं बरं वाटलं की सही करताना पेन हातातनं सुटलं. सिंधुबाईंनी माझ्याकडं बघून पदर तोंडाला लावला. मला त्यांच्याजवळ जायचं होतं. सूरजनं दंडाला धरून गाडीकडं नेलं — "वहिनी, कॅमेरे हायेत."

२६ ऑक्टोबर

मी अर्ज काढणार नाही.

२७ ऑक्टोबर

सकाळी चहाच्या वेळी सांगून टाकलं. "या वेळी मी अर्ज काढणार नाही. तुमच्या विरोधात उभी राहणार. गावोगाव जाऊन बायकांना सांगणार, पिंडापुढं दिलेला शब्द ह्या माणसानं मोडला."

वाटलं होतं, कपबशी फेकतील. पेपरातनं तोंड बाहेर काढलं आणि म्हणाले, "बघ बाई, तुला जमत आसंल तर." परत पेपरात.

प्राचीला कळवलं तर फोनवर नाचायलाच लागली. "आई, चिन्ह काय घेणार? शिट्टी घे." मी हसले. किती दिवसांनी हसले.

३० ऑक्टोबर

छाननी झाली. ह्यांचा वैध, दीपकचा वैध, माझाही वैध. गावाकडनं बायकांचे फोन येतायत. सुप्याकडं दिलेली माझी चुलत नणंद म्हणाली, "वैनी, माझं मत हिकडं हाय, तुमच्या मतदारसंघात न्हाय, न्हायतर तुमालाच दिलं आसतं." मतदारसंघातल्या म्हणतायत, आम्ही दीपकला द्यायचं ठरवलं होतं, पण तुम्ही उभ्या आहात तर तुम्हालाच. मान वर करून चालतेय मी घरात.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

पूजेची फुलं आणायला ऑफिसच्या दारावरनं चालले होते. आत सूरज फोनवर बोलत होता, दार उघडंच. "व्हय व्हय, वहिनींना ऱ्हाऊ द्या की. कोण बोलू नका त्यांना. बाया सगळ्या दीपककडं चालल्या हुत्या, त्या आता वहिनींकडं. आबा निवांत हायेत."

मी तिथंच उभी राहिले, हातात रिकामी परडी.

मूर्ख बाई! आपण काय समजत होतो आणि झालं काय. मी चिडून उभी राहिले ते ह्यांच्याच कामाला आलं. माझा संतापसुद्धा ह्यांनी प्रचाराला जुंपला. "बघ बाई, तुला जमत आसंल तर" — तेव्हाच कळायला हवं होतं! एवढी वर्षं ह्या माणसाबरोबर काढली आणि तरी मला वाटलं की मी ह्यांच्यावर डाव टाकतेय.

पूजा केली. लक्ष्मीपुढं हात जोडले तर डोक्यात एकच — ह्या माणसाचं वाटोळं होऊ दे. मग जीभ चावली. शेवटी कुंकू ह्यांच्याच नावाचं.

२ नोव्हेंबर, पाडवा

पाडव्याला नवऱ्याला ओवाळायचं. आमच्याकडं तेही माणसांपुढं. हॉल भरलेला, फोटोग्राफर स्टुलावर चढलेला. हे नवा झब्बा घालून पाटावर बसले. मी ताम्हण घेऊन उभी.

"म्हण की, इडा पिडा टळो," हसत म्हणाले, सगळ्यांकडं बघत.

मी म्हटलं, "पिडा पाटावर बसलीय. टळायची कशी?"

एक म्हातारा कार्यकर्ता खो खो हसला आणि सगळेच हसायला लागले, वहिनी मस्करी करतायत म्हणून. हेही हसले, सगळ्यांपेक्षा मोठ्यांदा. ताटात साडी टाकली. सूरज फोटोग्राफरला म्हणाला, "एवढं कट कर." मी मस्करी करत नव्हते. पण माझं ऐकायला तिथं कोण बसलंय?

३ नोव्हेंबर, भाऊबीज

दुपारी ड्रायव्हरला घेऊन पळसदेवला गेले. घरात सांगून गेले, लपून नाही. सिंधुबाई ओट्यावर एकट्या बसल्या होत्या. घरात सुतक नाही पण दिवाळीही नाही, एक पणती तेवढी दारात. दीपक बारामतीला गेलाय म्हणाल्या, पत्रकं छापायला.

मी सूरजचं फोनवरचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग माझा हात हातात घेतला. "वहिनी, राग यील, पर बोलू का?"

"बोला."

"मला म्हायती हाय, तुमी आमच्यासाठीच उभ्या ऱ्हायलाय. पर बाया मला म्हणत्यात, आमी कुणाला द्यायचं, वहिनीला का दीपकला? तुमी उभ्या ऱ्हायला तर दोघं बी पडताय. माझ्या लेकासाठी येवढं करा. माघार घ्या."

मागणं एवढंच, पण ते मागताना त्या माउलीला किती संकोच वाटत होता! मीच त्यांच्यापुढं हात जोडले. म्हटलं, "उद्याच काढते. आणि काढून घरी जात नाही. सरळ इकडं येते. दीपकच्या जीपमध्ये बसून माईक हातात घेते, दहाव्याला काय झालं ते गावागावात सांगते. नवऱ्यानं घराबाहेर काढलं तर तुमच्या ओट्यावर जागा द्या."

"ओटा का, घर तुमचंच हाय," म्हणाल्या, आणि दोघी रडलो. निघताना घरचे तांदूळ बांधून दिले, मरळ शिजवली होती ती डब्यात दिली. भाऊबीजेला मासे! पण तात्यांना आवडायची म्हणून त्यांनी केली होती, दीपक आल्यावर वाढायला.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं, "उद्या अर्ज काढतेय. आणि मग दीपकच्या प्रचाराला जातेय. काय करायचं ते करा."

म्हटलं, आता तरी भडकतील. दीपकची मतं फोडायचा डाव फसला की! पण हे चकली खात होते. "बरं," म्हणाले. "सूरज सोडंल तुला इंदापूरला. त्याला बी तिकडं काम हाय." एवढंच. अंगाची लाही लाही झाली. माझ्या धमकीला चकलीइतकीसुद्धा किंमत नाही.

राहू दे. उद्यापासून कळेल. बॅग भरून ठेवलीय — चार साड्या, बीपीच्या गोळ्या. पहिल्या सभेत काय बोलायचं ते डोक्यात पक्कं आहे. आयुष्यभर ह्यांच्यामागं स्टेजवर हात जोडून बसले, कधी कुणी माईक दिला नाही. उद्या मी मागून घेणार आहे.

४ नोव्हेंबर

अर्ज काढला. सही करून वळले तर मागं दीपक उभा. वाटलं, मला न्यायला आलाय. मी म्हटलंसुद्धा, "चल, बॅग गाडीत आहे."

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. सूरज त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. दीपक म्हणाला, "काकी, तुमचं झालं आसंल तर जरा सरका. माझा बी काढायचाय."