मागच्या वखारीत कांदा भरला

मंचर,
गणपती उठले त्याचा तिसरा दिवस

ती. साळुअक्काच्या पायांवर धाकट्या जानकूचं डोकं. इकडे म्हैस धरून सगळी माणसं खुशाल आहेत. तुझ्या गुडघ्याचं कसं आहे? गेल्या महिन्यात तू मोरीत घसरलीस आणि दोन दिवस कुणाला कळू दिलं नाहीस, हे मला तुझ्या शेजारच्या तानूबाईने इथल्या बाजारात सांगितलं. (तिच्यावर चिडू नकोस. मी तिला भजी खाऊ घालून बोलती केली.) पण अक्का, तुला इथे राहायला बोलावण्यासाठी हे पत्र नाही. माहेरी पाहुणी म्हणून यावं, पिशवी सोडायच्या आत परत निघावं, हे तुझं म्हणणं मला पाठ आहे. तुझ्या लेकाने पुण्याला नेलं, तर आठव्या दिवशी लिफ्टला कंटाळून तू पिंपरी पेंढारला माघारी. तेव्हा बोलावत नाही. नुसतं घराचं कळवतो.

घर पुरं झालं. भरत आणि सूनबाई वृषालीने आपलं पेठेतलं घर असं काही नवं केलं आहे की बाजारला आलेली माणसं ओट्यापाशी थबकून फोटो काढतात. खांब तेच, पण घासून तेल पाजल्यावर मधासारखे दिसतात. मधल्या घराची चौकट हातभर उंच केली. वडील, आपण, आपल्या घरी आलेला प्रत्येक सोयरा जिथे वाकला नाहीतर टेंगूळ घेऊन गेला, तीच. आता हत्तीही सरळ जाईल. पण मी मात्र अजून वाकतो! पाय त्या जागी गेले की मान आपोआप खाली जाते. नातीला, श्रेयाला वाटलं ही घरातली काही रीत आहे, म्हणून तीही वाकते. परवा तिच्या दोन मैत्रिणी आल्या, त्याही वाकून गेल्या. नसलेल्या चौकटीला आमचं सगळं घर नमस्कार करतं म्हण ना.

हे मी झोपाळ्यावर बसून लिहितो आहे, त्यामुळे अक्षर कधी पुढे जाईल, कधी मागे येईल. दुपारी या घरात एक गंमत होते. हायवेचा घरघराट लांबून नदीसारखा येतो, कवडशातली धूळ हळूहळू फिरते, आणि मला झापड लागली की सगळं घर दावं सोडून घोड नदीवर नावेसारखं चालायला लागतं. त्या साथीच्या वर्षापासून माझं नाक गेलं, हे तुला ठाऊक आहे. जागेपणी मला ना चहाचा वास, ना उदबत्तीचा. स्वप्नात मात्र नाक शाबूत! शेणाने सारवलेली ओली जमीन, आईच्या चुलीवरचं पिठलं, तिन्हीसांजेचं रॉकेल, सगळं येतं. फ्रिज ठेवलाय तिथे आई बसलेली असते आणि फ्रिजची तिला काहीच अडचण होत नाही. मग मागच्या वखारीतून वास येतो, कांदा लागल्याचा, सडायला लागल्याचा. आणि तू, परकर खोचून, ढिगावर अनवाणी चढतेस, कोपरभर हात आत घालतेस आणि एकच कांदा काढून मला दाखवतेस, "ह्यो बग चोर." आख्ख्या पेठेत सडका कांदा दारातून ओळखणारं नाक तुझं एकटीचं. वडील म्हणायचे, साळू आहे तोवर माल बिघडायचा न्हाई. तिथेच मला जाग येते, आणि पुन्हा कशालाच वास नसतो.

वखारीवरून आठवलं. तिथेही बांधलं. त्याला हे लोक ॲनेक्स म्हणतात. एक खोली, छोटं स्वयंपाकघर, आतच संडास-बाथरूम, धरून उठायला भिंतीत दांडी. दसऱ्यापासून भाड्याने द्यायचं ठरलं, एका बँकेच्या साहेबांना. बांधकामाच्या इंजिनिअरबाई मला हौसेने दाखवायला घेऊन गेल्या. जोतं उंच, फरशीखाली मोकळी हवा, भिंतीला विटांची जाळी, ऊन आत येत नाही, वारा मात्र आरपार. मी दोनदा फिरून पाहिलं. अक्का, खोटं सांगत नाही, अशी कांदा साठवायची चाळ सबंध आंबेगाव तालुक्यात नाही! मी तसं बोलून दाखवलं, तर बाईंचा चेहरा उतरला.

पुढचं जरा सांभाळून वाच. मागच्या आठवड्यात भरत आणि वृषाली पुढच्या घराला पडदे आणायला पुण्याला गेले. त्याच दिवशी वाऱ्याने मळ्यातल्या चाळीचा पत्रा उडाला. आभाळ भरलेलं, गरव्या उन्हाळी कांद्याचा सगळा माल उघडा. मी काय करणार? ट्रॅक्टर बोलावला आणि ॲनेक्समध्ये कांदा भरला. खिडकीपर्यंत. (दांडीला हात लावला नाही. ती उघडी आहे.) ती दोघं रात्री उशिरा परतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेब सहकुटुंब खोली पाहायला हजर. वृषालीने नव्या किल्लीने दार उघडलं. मालाला वारा लागावा म्हणून पंखा मीच चालू ठेवला होता. ढिगावरची सुटी टरफलं उठलेली, गुलाबी, पातळ, सगळ्या खोलीत तरंगत होती. बाईसाहेबांच्या केसांवर, साहेबांच्या चष्म्यावर हळूच येऊन बसत होती. लग्नात अक्षता पडताना माणसं उभी राहतात तशी ती दोघं उभी. मला इतकं प्रसन्न वाटलं की मी म्हणालो, "या सायेब, दिवाळीपत्तुर माल हलतोय." साहेब म्हणाले, "आम्ही कळवतो." बाईसाहेब गाडीत बसल्या तरी केसांत एक टरफल होतंच.

भरत दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. वृषाली एवढंच म्हणाली, "नाना, आवो तितलं लावल्यालं पडदं तरी काडून घ्यायचं." साहेबांनी खोडदच्या वाटेला दुसरी जागा पाहिली असं कळतं. आमचं हे असं चाललं आहे. गुडघ्याला निर्गुडीचा पाला शेकून बांध. थोरांना नमस्कार, कोंबड्यांना आशीर्वाद.

तुझा,
जानकू

ता. क. पत्रा वाऱ्याने उडाला नाही. त्याचे नट मी काढले. भरतला कळवू नकोस.

ता. क. दुसरा. काल श्रेया म्हणाली, "आजोबा, वखारीत घाण वास येतो." म्हणजे कुठेतरी एक कांदा लागला. एक लागला की महिन्यात ढीग जातो. मला वास येत नाही, हिला येतो पण जागा सापडत नाही. वर्षाचा माल आहे. तेव्हा राहायला नको, पाहुणी म्हणून तर नकोच. कामाला ये. माल निवडायचा म्हणजे तिथेच मुक्काम लागतो. ढीग खिडकीपासून निवडत आणशील तशी खाटेला जागा होईल.

ता. क. तिसरा. पत्र पेटीत टाकायला वृषालीकडे दिलं, तर तिने उभ्याउभ्या वाचून काढलं. मी म्हणालो, आता बोल काय बोलायचं ते. म्हणाली, "ती दांडी काय बँकेच्या सायबासाटी लावली व्हती व्हय? आत्यांच्या उंचीची मापं घ्यायला तानूबाईला दोनदा फोन केला व्हता मी. आत्या येत न्हाईत म्हनून तर भाड्याचं काडलं." मग पत्राची घडी घालत, "पर नाना, कांदं निवडून झाल्यावं त्या निघाल्या तर?" मी म्हणालो, चैत्रात नवा कांदा निघतो.

येताना तुझा बसायचा पाट आण. आणि मधल्या घरात शिरताना वाकू नकोस, टेंगूळ येणार नाही.