पडदा उबेला ठेवला त्याची हकीगत

पाजू, १६ जानेवारी

ताई,

तुला आणि भाऊजींना इथूनच वाकून नमस्कार. भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? त्यांना सांग, गरम पट्टी बांधायची ती घरी बसून. ती बांधून ऑक्टोपस धरायला खाडीच्या चिखलात उतरायचं नसतं. तुझ्या सासूबाईंची नवी कवळी बसली का, की अजून रुमालात बांधूनच मिरवतात? तांबडी गाय व्याली असेल. तू पाठवलेली किमची पोचली. डबा वाटेत इतका फुगला होता की टपालवाल्याने तो दोन हात लांब धरून आणला आणि सही न घेताच पळाला. चव मात्र आईच्या हातची. तुझं स्वतःचं कसं चाललंय ते तू कधीच लिहीत नाहीस, म्हणून विचारतो. पाठ दुखते ना? मला माहीत आहे.

मी अंगाने ठणठणीत आहे. मनाने आठवडाभर तोंड लपवून आहे, त्याची हकीगत सांगतो.

मी पडदे तपासायच्या बाकावर काम करतो हे तुला ठाऊक आहे. (सहावीपर्यंत शाळा, पुढचं सगळं रेडिओ उघडून आणि दोनदा झटका खाऊन शिकलो.) फोनच्या या पडद्यांत लाखो ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपका आपापला उजळतो. किती उजळायचं ते ठरवणारा एक ट्रान्झिस्टर त्याच्यापाशी असतो आणि त्या ट्रान्झिस्टरच्या गेटवर विजेचा थोडा दाब साठवून ठेवलेला असतो. आपल्या भाताच्या खाचरात पाणी अडवतो ना, तसा. पाणी जेवढं, तेवढा उजेड. पूर्वी हे खाचर सेकंदात साठ वेळा भरायचे. आमच्या ब्यन हेरिम मॅडमनी, म्हणजे आमच्या गटाच्या मुख्य बाईंनी, असा पडदा काढला की खाचर सेकंदाला एकदाच भरायचं. बॅटरी दुप्पट टिकते. फक्त सेकंदभर पाणी हललं नाही पाहिजे. बांध, म्हणजे ते पाणी अडवणारा दुसरा ट्रान्झिस्टर, पाझरला की उजेड हळूच ढळतो, पुन्हा भरताना टुणकन उडी मारतो, आणि चित्र लुकलुकतं.

तीन महिने आम्ही तपासत होतो. तपासणीची खोली बारा महिने तेवीस अंशांवर असते, आणि तिथे एकही ठिपका हलला नाही. मग पडदे विकत घेणाऱ्या कंपनीचे मा आडनावाचे साहेब तो पारखायला यायचे ठरले. हा पडदा त्यांनी नाकारला तर मॅडमचा गट मोडायचा, आणि गटातल्या चौघा इंजिनियरांना विक्रीकडे पाठवायचं, असं वरून आधीच कळवलं होतं. त्या चौघांपैकी एकालाही दुकानदाराशी धड बोलता येत नाही गं. एक तर जिना चढताना भिंतीशी बोलतो.

मा साहेब वयाने माझ्याएवढे, पाठीने माझ्याहून म्हातारे. त्यांना उंच स्टुलावर बसवत नाही, म्हणून पाहणी जेवणघरामागच्या खोलीत, खालून गरम नळ्यांनी तापवलेल्या जमिनीवर बसून करायची ठरली. मांडामांड माझ्याकडे. बाहेर उणे अकरा. पडदा पेटीतून काढला तर बर्फासारखा गार. मला त्याची दया आली. (हसू नकोस.) आपल्याकडे घरातली सगळ्यात मोलाची वस्तू कुठे ठेवतात? आबा उशिरा यायचे तेव्हा त्यांचा पितळी भाताचा वाडगा आई कुठे ठेवायची? मीही तेच केलं. जमीन सगळ्यात जास्त तापते त्या जागी पडदा ठेवला आणि वर रजई घातली, चारी बाजूंनी नीट खोचून. मा साहेबांची गाडी बर्फात अडकली आणि ते दोन तास उशिरा आले. त्या दोन तासांत मी तीनदा जाऊन रजई सारखी केली.

मग सगळे बसले. मी युजा लिंबाचा चहा दिला. मॅडमनी अंधारलेल्या करड्या रंगाचं चित्र लावलं, कारण खोट असली तर ती तिथेच दिसते. आणि पडदा लुकलुकायला लागला. थोडाथोडका नाही, लग्नाच्या मांडवातल्या माळेसारखा.

मा साहेब म्हणाले, "बाई, हा माझ्याकडे बघून डोळा मारतोय का?"

मला वाटलं तार सैल झाली असेल, म्हणून मी धावत पुढे झालो, तर चहा मा साहेबांच्या मोज्यांवर. तार घट्ट होती. पडदा उचलला तो भाजलेल्या रताळ्यासारखा! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तापलं की बांध जास्त पाझरतो. मी गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून सगळं कबूल केलं. मला वाटलं, आता मा साहेब म्हणतील, ठीक आहे, थंड करून दाखवा.

ते ओला मोजा पिळत म्हणाले, "उठा हो, लोक बघतायत. माझी बायको फोन रोज रजईखालीच ठेवते. तिच्यासमोर हा असा डोळा मारायला लागला तर ती मला घराबाहेर काढेल."

म्हणजे खोट खरीच होती, फक्त आमच्या गार खोलीत ती झोपलेली होती. त्यांनी पडदा नाकारला नाही, स्वीकारलाही नाही. सुधारलेला आराखडा २० तारखेपर्यंत द्या, नाहीतर राम राम, असं सांगून ते एक मोजा खिशात घालून गेले. मी बाहेर आलो तर मॅडम कॉफीच्या यंत्राकडे तोंड करून उभ्या, खांदे हलत होते. मी माफी मागायला लागलो, तर डोळे पुसत म्हणाल्या, "काका, तीन महिने आम्हाला दिसलं नाही ते तुम्ही दोन तासांत शिजवून पानात वाढलंत. आता त्याचं काय करायचं तेही सांगा."

आणि ताई, मला सुचलं! आपल्या वरच्या खाचराचा बांध पाझरायचा तेव्हा त्याच्या बाहेर दुसरा बांध घातला होता आणि मधल्या चरात खाचराएवढंच पाणी भरलं होतं. दोन्हीकडे सारखी पातळी असली की आतल्या पाण्याला बाहेर जायचं कारणच उरत नाही. पाझरायचं ते चरातलं पाझरतं. मी हे जेवणाच्या चटईवर सोयाबीनच्या चटणीने काढून दाखवलं. मॅडम ती चटईच उचलून घेऊन गेल्या. गेटपाशी एकाऐवजी ओळीने दोन बांध आणि मधल्या जागेत तेवढाच दाब. चाचणीच्या तुकड्यावर मधल्या जागेला सुईने बाहेरून विजेचा दाब देऊन पाहिला, तुकडा गरम करून. ठिपका हलला नाही! चौघांनी मला उचललं. (आणि पाडलं. कंबर बरी आहे.)

भाऊजींना नमस्कार, सासूबाईंना साष्टांग.

तुझा धाकटा,
मानशिक

ता. क. किमची संपत आली आहे. पण पत्राचं कारण ते नाही.

ता. क. दुसरा. वर 'मला सुचलं' असं लिहिलं आहे. इथेही सगळ्यांना तसंच सांगितलं होतं, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मी गप्प राहिलो. तो दुसरा बांध तू घातलास. तू सोळा वर्षांची होतीस आणि मी छत्रीखाली बसून काकडी खात होतो. काल मॅडमनी विचारलं, "काका, मधला चरही हळूहळू आटतोय, तो भरता ठेवायला तुम्ही पाणी कुठून घेत होतात?" मग खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग ताईंनाच विचारा, लगेच."

ता. क. तिसरा. तर सांग. चरातलं पाणी तू खाचरातूनच घ्यायचीस, की कालव्यातून वेगळा पाट काढला होतास? निम्मं ऑफिस एकीकडे आहे, निम्मं दुसरीकडे, आणि भिंतीशी बोलणारा तर आता भिंतीशीच भांडतो. आराखडा २० ला जायचा आहे. आराखड्यावर कोणाची नावं घालायची त्या कागदावर मॅडमनी एक ओळ रिकामी ठेवली आहे, तेव्हा तुझं पूर्ण नावही सहीनिशी धाड. टपालाने नको, तलाठ्याकडच्या फॅक्सने धाड. पण आजच उत्तर लिही.