सातव्या रूटचा सूड

४ जानेवारी, रविवार. सकाळी ८:१०
नितेशला ब्लॉक केलं. फोन, व्हॉट्सॲप, इन्स्टा, तिन्हीकडे. एकदम शांत वाटतंय.

कारण लिहून ठेवतो. उद्या माफ करावंसं वाटलं तर वाचायला बरं. नितेश पुस्तक काढतोय, 'मुंबईत ट्रॅफिकशिवाय: कच्च्या रस्त्यांवरचे बारा सायकल रूट'. आज सायकलवाल्या ग्रुपवर पोस्टर टाकलं. त्यावर फोटो रूट नंबर सातचा. म्हणजे आरेतलं आमचं खोरं. दोन टेकड्या, मधून लाल मातीचा रस्ता, वरून कोवळं ऊन, एक रिक्षा नाही, एक हॉर्न नाही. आणि मध्ये नितेश, हेल्मेट काढून, केस उडवत. खाली मोठ्या अक्षरात 'नितेश'. बस. फक्त नितेश.

ते खोरं मी शोधलंय. दोन वर्षांपूर्वी उतारावर माझा ब्रेक लागला नाही, मी झुडपातून सरळ खाली गेलो आणि नितेश 'अबे थांब ना यार' करत मागून आला. मग शोध कोणाचा? फोटोसुद्धा मी काढलेला. कोपऱ्यात माझं बोट आलंय. साल्याने तेसुद्धा क्रॉप नाही केलं.

प्रकाशन २२ फेब्रुवारीला. त्याच्या आत बदला. थंड डोक्याने.

दुपारी १:००
प्लॅन ए: ग्रुपवर सगळ्यांसमोर त्याची इज्जत काढायची. पण सकाळी रागात मी ग्रुप सोडलाय. प्लॅन बी शोधणे.

६ जानेवारी
रोज पाचला उठून आरेत सायकल मारायची. फॉर्मात आलो की प्लॅन सुचेल. उद्यापासून.

७ जानेवारी
आज थंडी होती.

८ जानेवारी. संध्याकाळ
नितेश घरी आला. मी आईला हळूच म्हटलं, सांग मी घरात नाही. आई मोठ्याने म्हणाली, "मेल्या, तो दारातसून तुका बघता हा."

मी आत गेलो. तो दारात उभा राहून म्हणत होता, काकी, याचा फोन लागत नाही, मेसेज जात नाही, एक सही हवी होती. आईने चहा दिला. शत्रूला बिस्किटंपण दिली, माझ्या डब्यातली.

सही! म्हणजे खोऱ्यावरचा हक्क सोडल्याची सही. रात्री आईला बजावलं, मरेपर्यंत सही करणार नाही. आई म्हणाली, "मगे बिस्किटा तरी सोड त्येका. तुजो दोस्त आसा तो."

११ जानेवारी, रविवार
अखेर पाचला उठलो. साडेसहाला निघालो. मरोळवरून आरे म्हणजे वीस मिनिटं, माझ्या सायकलला पन्नास.

आज देवाने प्लॅन दिला. देव म्हणजे शेण.

सातव्या रूटच्या अलीकडे एक तबेला आहे. त्याच्या मागे मोकळं मैदान दिसलं, सपाट, तपकिरी, उन्हात चमकणारं. मी म्हटलं झकास, आणि स्पीड घेतला. ते मैदान नव्हतं. म्हशी धुतल्याचं पाणी आणि शेण तिथे साठतं, वर ऊन बसून पापडासारखा थर धरतो. आत सगळं लापशी. पुढचं चाक निम्मं गेलं, त्याच्यानंतर मी.

तबेल्यावर काम करणारे रतनभाऊ पाइप घेऊन आले. त्यांनी आधी सायकल धुतली, मग मला. म्हणाले, "म्हशी फसतात वरचेवर. सायकलवाला पहिला तुम्हीच."

पाण्याखाली उभा असतानाच क्लिक झालं. पोस्टरवर खाली लिहिलंय: तुमचा सीक्रेट रूट ॲपवर रेकॉर्ड करून पाठवा, आवडला तर तेरावा म्हणून छापू. आणि नितेशची ती खाज मला माहितीये. स्वतः चालवल्याशिवाय तो रूट छापत नाही. डोळे मोबाइलच्या नकाशावरच्या रेघेवर ठेवून चालवतो. म्हणजे रेघ नेली शेणातून, की नितेश गेला शेणातून.

मी झुडपात व्हिडिओ काढत असेन. प्रकाशनाच्या आधी रिलीज.

१८ जानेवारी
रूट रेकॉर्ड करायचा प्रयत्न १. रेघ शेणाच्या मधोमध हवी, म्हणून मधोमध गेलो. फसलो. ॲपने विचारलं, राइड संपली का?

प्रयत्न २. सायकल डोक्यावर घेऊन कडेच्या दगडांवरून गेलो. रेघपण कडेने आली. ॲप प्रामाणिक आहे. काय उपयोग.

रतनभाऊंनी विचारलं, "कशाची प्रॅक्टिस चाललीये?" मी म्हटलं रिसर्च. ते म्हणाले, मग रिसर्चला उद्यापासून साबण घेऊन या.

२३ जानेवारी
जमलं!! आयडिया पूर्णपणे माझी. (रतनभाऊ म्हणाले होते, इथून मधोमध फक्त राणी जाते. पण मोबाइल बांधायचा हे मी म्हटलं.)

राणी म्हणजे म्हैस. मोबाइल दोन दुधाच्या पिशव्यांत घातला, रेकॉर्डिंग चालू ठेवून तिच्या गळ्यातल्या पट्ट्याला बांधला. राणी मधोमध गेली आणि बसली.

चाळीस मिनिटं.

हाका मारल्या. चारा दाखवला. रतनभाऊ म्हणाले, तिला कुठे ऑफिस आहे. मला होतं. हाफ डे लागला. पण शेवटी ती पलीकडे निघाली, रेघ एकदम सरळ आली. फक्त मध्ये एक मोठा ठिपका आणि लिहून आलं, 'विश्रांती: ४० मिनिटे'. त्याकडे कोण बघतंय.

फॉर्म भरला. नाव टाकलं चंद्रप्रकाश, मुलुंड. फाइल आली तशीच जोडली. माझ्यापर्यंत कोणी पोचू शकत नाही.

३० जानेवारी
आई म्हणाली, नितेश मार्केटात भेटला. परत सहीचं विचारत होता, आणि तू आडनाव कसं लावतोस तेपण. मी विचारलं, तू काय सांगितलंस? "तुया सांगलंस ना काय बोलू नको म्हणान. मी भाजीचो भाव इचारून सटाकलंय."

आडनाव! पोलीस कंप्लेंटच असणार. घाबरलाय. चांगलंय.

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ६:३०
तबेल्यामागच्या आंब्यावर चढून बसलोय. रतनभाऊंकडून कळलं, काल तबेल्यावर कोणी फोन करून रस्ता विचारला, आज येतोय. मोबाइल ८७ टक्के. बदला १०० टक्के.

७:५०
आला. डोळे मोबाइलवर. अजून दहा मीटर. पाच. ये राजा.

७:५१
थांबला!! ठिपका बघून थांबला. मोबाइल बघतो, शेण बघतो, कडेच्या दगडावर बसला.

८:०५
बसलाय. समोर म्हशी, मागे टेकडी, अंगावर ऊन. झाडावर लाल मुंग्या आहेत. हलता येत नाही.

८:३१
पूर्ण चाळीस मिनिटं बसला. मध्ये डोळेपण मिटले. शेवटी डोळे पुसले की काय, इथून नीट दिसलं नाही. आला तसा परत गेला. भित्रा.

मला सदतीस ठिकाणी चावलंय. प्लॅनमध्ये चूक नव्हती, नितेशमध्ये दम नव्हता.

१४ फेब्रुवारी
नवा निर्धार: प्रकाशनाला न जाणे. माझी गैरहजेरी त्याला आयुष्यभर टोचेल. दिवसभर हीच गैरहजेरी कशी दिसेल याची प्रॅक्टिस केली. आई म्हणाली, किराणा आण.

२२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७:४०
प्रकाशन आज. मी घरी. टोचत असेल त्याला.

७:५५
रतनभाऊंचा फोन. "सुयोगभाऊ, तुमची माणसं आलीत. तीस-पस्तीस असतील. दगडांवर जागा नाही. कोणी बोलत नाही, नुसती बसलीत. कोण वारलंय का?"

दुपारी १२:३०
काय झालं ते नीट लिहितो.

गेलो. सायकलींचा खच. प्रकाशन नितेशने इथेच ठेवलेलं. तबेल्यामागे सगळा ग्रुप ओळीने दगडांवर, डोळे मिटून. नितेशने मला बघितलं, धावत आला, मिठी मारली. म्हणाला, "चंद्रप्रकाश काय रे येड्या! फाइलचं नाव काय होतं बघितलंस? 'सुयोगची सकाळची राइड'. ॲप आपोआप टाकतं."

पुस्तक हातात दिलं. तेरावा रूट. 'सुयोग पॉइंट. माझा मित्र सुयोग इथे चाळीस मिनिटं नुसता बसून असतो. का, ते त्याने मला कधी सांगितलं नाही. मी बसलो तेव्हा कळलं. ट्रॅफिक फक्त रस्त्यावर नसतं.' माझं नाव ठळक अक्षरात. शेणाच्या नकाशावर.

मी विचारलं, आणि सातवा? त्याचा चेहरा पडला. म्हणाला, किती मेसेज केले तुला. मोबाइल दाखवला. ४ जानेवारी, सकाळी सव्वाआठ: 'पोस्टर फक्त झलक आहे हं. पुस्तकात सातव्यावर आपल्या दोघांची नावं, तुझं आधी. ओके?' खाली: 'ओके ना?' खाली: 'छापणारा तुझी सही मागतोय यार.' खाली: 'आडनाव कसं लावतोस?' खाली: 'काही चुकलं का माझं?' चौदा मेसेज. सगळ्यांवर एकच टिक.

"छापणं गेल्या आठवड्यापर्यंत थांबवून ठेवलं होतं रे," तो म्हणाला. "सही नाही तर नाव नाही म्हणाले. तेराव्याला फॉर्ममध्येच परवानगी होती."

सातव्या रूटचं पान उघडलं. 'शोध: नितेश'. फोटो तोच, कोपऱ्यात बोट.

मला काहीतरी भयंकर बोलायचं होतं. त्याऐवजी ताडताड निघून जायचं ठरवलं. रागात माणूस सरळ चालतो. सरळ म्हणजे मधोमध.

गुडघ्यापर्यंत गेलो. कोणी हसलं नाही. ग्रुपमध्ये नवीन आलेली शीतल बूट काढत हळूच म्हणाली, "उतरायचंपण असतं का?"

मग बाकीचेपण बूट काढायला लागले. राणी बघत होती.

रतनभाऊ पाइप घेऊन आले.

रात्री ९:००
नितेशला अनब्लॉक केलं. सहज. वाट बघितली. ब्लॉक असताना पाठवलेले मेसेज नंतर येत नाहीत, आई म्हणाली. तिला माहिती होतं.

९:२०
एक आला. फोटो. मी शेणात गुडघाभर, डोळे मिटून, मागे टेकडी, वर ऊन. खाली लिहिलंय: 'दुसऱ्या आवृत्तीचं कव्हर. सही देशील ना?'

झूम करून बघितलं. कोपऱ्यात त्याचं बोट आलंय.