हाफ पायडलने हॉलंड

२० फेब्रुवारी १९९६
आज आपल्या हातून काहीतरी मोठं घडलं आहे. आमच्या महाप्याच्या व्हॉल्व्ह कंपनीची मूळ कंपनी हॉलंडची. तिकडे जूनमध्ये मुलांच्या संस्थांसाठी सायकल चॅलेंज आहे. प्रत्येक देशातून एक माणूस. पाच दिवस, रोज शंभर किलोमीटर. जो पूर्ण करेल त्याच्या देशातल्या एका संस्थेला कंपनी मुलांसाठी गाडी देणार. विश्वजितसाहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, सायकल कोणाला येते? माझा हात आपोआप वर गेला. बाकीच्यांचे टेबलाखाली गेले. यालाच लीडरशिप म्हणतात.

जयमालाला सांगितलं. ती म्हणाली, लग्नाला वीस वर्षं झाली, तुम्हाला सायकल चालवताना कधी पाहिलं नाही. म्हटलं, पोहताना तरी कुठे पाहिलंयस? म्हणाली, तेच तर म्हणतेय.

२५ फेब्रुवारी
संस्था ठरवली. इथलंच, कोपरखैरण्यातलं, आमच्या सेक्टरमागचं वसतिगृह. बरीचशी मुलं पोलिओची. सरोजिनीबाई चालवतात. मुलांना ठाण्याच्या हॉस्पिटलात न्यायचं तर बसशिवाय इलाज नाही. कुबड्या घेतलेली पोरं स्टॉपवर दिसली की ड्रायव्हर गाडी दामटतो. मागच्या महिन्यात असंच झालं आणि जाई नावाच्या मुलीचं ऑपरेशन हुकलं. नऊ-दहा वर्षांची असेल. पायात कॅलिपर, जीभ मात्र एकदम मोकळी. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, काका, नक्की तुमीच जानार?

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. गाडी आणणार म्हणजे आणणार.

२९ फेब्रुवारी
उद्यापासून पहाटे पाचला उठून वीस किलोमीटर. साखर बंद. वडा बंद.

१ मार्च, सकाळी ८.१०
उठलो. शरीराला एकदम धक्का देऊन चालत नाही.

१८ मार्च
मार्च एंडिंग. या महिन्यात सराव सुरू करणं म्हणजे कंपनीशी बेइमानी.

९ एप्रिल
ऊन फार. तरी तयारी थांबलेली नाही. गॉगल घेतला, हातमोजे घेतले, ती घट्ट काळी चड्डीपण घेतली. घालून आरशासमोर उभा राहिलो. जयमाला म्हणाली, आधी दार लावा.

२८ एप्रिल
सोसायटीतर्फे सत्कार. शाल, श्रीफळ, बॅनर. मी म्हटलं, परत आल्यावर करा. आमचे सेक्रेटरी शहाजी मोरे साताऱ्याकडचे, स्पष्ट माणूस. म्हणाले, आल्यावर करायसारखं काय ऱ्हाईल का न्हाई कुणाला ठावं, आत्ताच उरकू. शिवाय त्यांच्या अण्णांची जुनी सायकल सरावाला दिली. लोक ओरडायला लागले, एक राउंड, एक राउंड! म्हटलं, शाल अंगावर आहे, चाकात अडकेल. लोकांना ते पटलं.

११ मे
एक तांत्रिक बाब इथे नोंदवून ठेवतो. आमच्या लहानपणी सायकल तीन टप्प्यांत शिकत. आधी हाफ पायडल, म्हणजे सीटवर न बसता दांडीखालून एक पाय पलीकडे घालायचा आणि बाजूला तिरकं लटकत निम्मंनिम्मं पायडल मारायचं. मग दांडीवर. मग सीटवर. माझं हाफ पायडल उत्तम झालं आणि नेमकी वडिलांची सायकल चोरीला गेली. पुढचे टप्पे राहिले ते राहिलेच.

विश्वजितसाहेबांनी विचारलं होतं सायकल येते का. सीटवरून येते का, असं विचारलं नव्हतं. त्यामुळे मी खोटं बोललेलो नाही.

आज मागच्या रिकाम्या प्लॉटवर प्रथमच सीटवर बसलो. सायकल पुढे गेली. मी तिथेच राहिलो.

१९ मे
पुन्हा प्रयत्न. कोपर सोललं. साहेबांना सांगून टाकावं असं दोनदा मनात आलं. पण सरोजिनीबाईंनी गाडी उभी करायला अंगणात शेड घालायला घेतली आहे. आता कोणत्या तोंडाने सांगू? भीती वाटते. जयमालाने आयोडेक्स लावलं आणि एक अक्षर बोलली नाही. ती गप्प बसली की जास्त भीती वाटते.

२ जून
उद्या विमान. वसतिगृहात निरोप घ्यायला गेलो. जाईने कोपर पाहून विचारलं, पडलात का? म्हटलं, ट्रेनिंग चालू आहे. म्हणाली, मी पन रोज करते.

हॉलंड सपाट आहे म्हणतात. सपाट जमिनीवर बॅलन्स आपोआप येत असणार.

११ जून, हॉलंड
ही माणसं ताडमाड, त्यांच्या सायकलीही ताडमाड. सीट माझ्या छातीला लागते. बसण्याचा प्रश्नच मिटला. शिट्टी झाली, सगळे भुर्रकन गेले. मी थोडा वेळ बूट बांधला. मग आजूबाजूला कोणी नाही असं पाहून दांडीखालून पाय घातला आणि निघालो. हाफ पायडल विसरलेलो नाही!

तासाभराने मागून कंपनीची गाडी आली. त्यातून सर्वांत मोठे साहेब उतरले. सगळे त्यांना नुसतं पीटर म्हणतात. माझं तिरकं लटकणं बघून त्यांनी टोपी काढली आणि हळूच विचारलं, पोलिओ? मला वाटलं, संस्था कुठल्या मुलांची ते विचारतायत. म्हटलं, येस येस, पोलिओ. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मला रोज वीसच किलोमीटर केले तरी चालेल म्हणाले. फार मोठ्या मनाचा माणूस.

संध्याकाळी स्टेजवर बोलावलं. आमचे शूर अपंग मित्र, असं म्हणाले. मी शूर या शब्दावर खूश होऊन हात हलवला. अपंग शब्द खाली उतरताना डोक्यात शिरला.

१५ जून, हॉलंड
पोचलो. सगळा गाव टाळ्या वाजवत होता. त्याआधी सकाळी पीटरसाहेबांना खरं सांगायला गेलो होतो, देवाशप्पथ. तोंड उघडलं तर त्यांनी मिठीच मारली आणि म्हणाले, तुमच्या मुलांना गाडी मिळणार. आता खरं बोललो तर गाडी जाते. गाडी गेली तर जाई पुन्हा बसस्टॉपवर. तेव्हा गप्प बसणं हेच समाजकार्य. स्टेजवर जाताना किंचित लंगडलो. कोणता पाय ते ठरवायला वेळ मिळाला नाही.

२ ऑगस्ट
फॅक्स! व्हॅन एल्स्ट अरायव्हिंग फ्रायडे नाइन्थ. प्लीज गॅदर द चिल्ड्रन. एल्स्ट हे बहुधा मॉडेलचं नाव. साहेब टूरवर असल्याने भाषांतर मीच करून सगळीकडे फोन केले: व्हॅन शुक्रवारी येतेय. सोसायटीला बोलावलं, ऑफिसला बोलावलं. आपलं यश लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

९ ऑगस्ट
मांडव. ताशा. शेडला तोरण. गाडीला घालायला झेंडूचा भलामोठा हार, लिंबूमिरच्या, चाकापुढे फोडायला नारळ. अख्खी सोसायटी हजर. अकरा वाजता भाड्याची कार आली. आतून विश्वजितसाहेब उतरले आणि पाठोपाठ पीटर.

शहाजीराव म्हणाले, व्हॅन कुठाय? पीटरसाहेबांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. व्हॅन एल्स्ट, म्हणाले. आडनाव!

हार तयारच होता, तो त्यांच्या गळ्यात पडला. नारळ त्यांच्या बुटापुढे फुटला. मी स्वागताला धावलो, आणि निम्म्या वाटेत आठवलं. लंगडायला लागलो. शहाजीराव माइकपेक्षा मोठ्याने म्हणाले, पाटणकर, पायाला काय झालं वो? सकाळच्याला तर जिन्यावरनं पळत उतरलासा!

जयमाला पुढे झाली आणि म्हणाली, जुनं दुखणं आहे, मधूनच उठतं. वीस वर्षांत इतकं प्रेम तिने कधी दाखवलं नव्हतं. मी पुन्हा लंगडत पुढे निघालो, तेवढ्यात पुढच्या रांगेतून जाई म्हणाली, काका, मगाशी डावा होता.

ताशा थांबला. पीटरसाहेबांनी विचारलं, व्हॉट डिड शी से? सगळं आता विश्वजितसाहेबांच्या जिभेवर. ते माझ्याकडे बघत राहिले. मग ओळीत बसलेल्या पोरांकडे पाहिलं. शेडकडे पाहिलं. मी पटकन पाय बदलला. साहेब म्हणाले, शी सेज थँक यू. आणि माझ्या कानाशी, सोमवारी केबिनमध्ये या.

पीटरसाहेबांनी जाहीर केलं, गाडी पुढच्या महिन्यात. टाळ्या! आणि माझ्यासाठी खास भेट. मागच्या टेम्पोतून उतरवली. हाताने चालवायची तीनचाकी, मागे माझं नाव रंगवलेलं. दोघांनी मला काखेत धरून अलगद सीटवर बसवलं. ताशा पुन्हा सुरू.

१२ ऑगस्ट
केबिन. साहेब म्हणाले, गाडी येईपर्यंत लंगडा. म्हटलं, आणि नंतर? म्हणाले, पीटर आता दर सहा महिन्यांनी येणार आहेत, कंपनीच्या मासिकात तुमचा फोटोपण येणार आहे. तेव्हा नंतरही लंगडा. म्हटलं, कोणता पाय? म्हणाले, ते त्या मुलीला विचारा.

विचारलं. उजवा म्हणाली. टाच टेकवायची नाही, आणि हसत तर अजिबात लंगडायचं नाही.

२३ सप्टेंबर
गाडी आली! पांढरी शुभ्र. आज तिची पहिली फेरी, ठाण्याला, जाईच्या ऑपरेशनला. मासिकाचा फोटोग्राफर येणार म्हणून मला तीनचाकीवरून हजर राहायचा हुकूम. सकाळी निघालो. हात भरून आले, पण पडलो नाही. सीटवर बसून सायकल चालवायचा माझा हा आयुष्यातला पहिलाच प्रसंग. मुख्य म्हणजे बॅलन्स उत्तम. मनात आलं, पुढच्या वर्षी तीनचाकीवरून चॅलेंज करायला काय हरकत आहे?

फोटोच्या वेळेला पोचलो नाही. वसतिगृहाच्या गल्लीतच होतो, तेवढ्यात समोरून हॉर्न. गल्ली अरुंद, मी मधोमध. गाडी थांबली, खिडकीतून जाईचं डोकं बाहेर आलं. काका, साइडला घ्या, आमाला उशीर होतोय!

घेतली.