सतरा नंबरची सिरिंज

३ मार्च
सतरा नंबर म्हणजे आमचे अण्णा! माझे सख्खे सासरे! जेवताना खिशातून चाचणीचं कार्ड काढून दाखवलं — "सूनबाईच्या हॉस्पिटलातलं नवं औषध, म्हटलं आपणच टोचून घ्यावं. तिला सरप्राइज!" नवरा हसतोय, अण्णा हसताहेत, आणि मी कार्डावरचा नंबर पुन्हा पुन्हा वाचतेय.

सिरिंजा मी भरते. बंद खोलीत. माझ्याकडे नाव येत नाही, नुसता नंबर येतो. कुणाला औषध आणि कुणाला साधं मिठाचं पाणी, हे फक्त मला ठाऊक — डॉक्टरांनाही नाही. औषध दुधट दिसतं, म्हणून सगळ्याच सिरिंजांना काळी पट्टी गुंडाळते.

सतराला पाणी. गेले तीन महिने.

४ मार्च
अण्णांना सांगावं तर चाचणी नासणार, तीन वर्षांचं काम मातीत. चाचणीच्या मुख्य मॅडमना सांगून बाजूला व्हावं, तर पहिला प्रश्न — का? आणि सतरा नंबर कोण ते मला कळलंय म्हटलं, की चाचणी नासलीच. इकडे आड, तिकडे विहीर.

११ मार्च
अण्णा शेजाऱ्यांना शिकवताहेत! "केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढे कण! रक्तातून जातात, रक्तवाहिनी जिथे आतून सुजलीय नेमके तिथेच बसतात, सूज उतरवतात. सूज उतरली की चरबी साचायची थांबते." पाठ केलंय. फाटकापर्यंत जाताना दोनदा थांबणारा माणूस आता बाजारात जाऊन येतो. छातीत दुखत नाही म्हणे. मिठाच्या पाण्याने! हसू की रडू?

१९ मार्च
कुंडीत गोळ्या सापडल्या. अण्णांच्या रोजच्या — रक्त पातळ करायच्या, चरबीच्या. मूठभर! विचारलं तर म्हणतात, "अगं, एवढं भारी औषध चालू असताना ही चिल्लर कशाला?" डॉक्टरांना कळवलं, त्यांनी दम भरला. अण्णांनी मान डोलावली.

२१ मार्च
कुंडीत आजही दोन. पालथ्या घड्यावर पाणी!

२२ मार्च
सांगितलं.

नवरा बाहेर गेल्यावर. "अण्णा, तुम्हाला औषध मिळतच नाहीये. मिठाचं पाणी आहे ते. मीच भरते." अण्णांनी हातातला पेपर घडी घालून ठेवला. मग — "तुझी नोकरी गं?" म्हटलं, खड्ड्यात गेली नोकरी, गोळ्या घ्या आधी! घेतल्या. माझ्यासमोर, दोन्ही. "कुणाला कळणार नाही, पोरी."

सुटले बाई एकदाची!

२९ मार्च
गोळ्या वेळेवर चालू आहेत, एकही चुकली नाही. आज सकाळी अण्णांनी आंघोळीला बसायला स्टूल मागितलं. उभं राहिलं की छातीत पुन्हा दुखतं म्हणाले.